पाठवणाऱ्याचा पत्ता

पहाटेचे तीन वाजून दहा. लेउवार्डनमध्ये धुकं इतकं
की कालव्यापलीकडचा दिवा म्हणजे नुसता पिवळा डाग.
सर्व्हरच्या खोलीत मात्र बारा महिने एकच ऋतू,
आणि पंख्यांचा आवाज, जो आता मला
थांबला तरच ऐकू येईल.

कुताइसीहून झुराबचं तिकीट आलंय, तिसऱ्यांदा.
'दोन्ही यंत्रं माझीच आहेत, येल्त्शे बाई.
एक तुमच्याकडे भाड्यानं, दुसरं इथे माझ्या टेबलाखाली.
मला एवढंच बघायचंय,
खोट्या नावानं कुणी दार वाजवलं तर माझं दार फसतं का.
पण पाकिटं पोचतच नाहीत.
वाटेत हरवतात, की तुम्ही गिळता?
सोबत करार जोडलाय. सही आहे, शिक्काही.'

आम्हीच गिळतो, झुराब. उंबऱ्यावरच.
कलम अकरा, ओळ दुसरी:
इथून निघणाऱ्या प्रत्येक पाकिटावर
ते ज्या घरातून निघालं, त्याच घराचा पत्ता हवा.
दाराला हेतू कळत नाही,
शिक्का वाचता येत नाही.
'माझा तुझ्यावर विश्वास आहे' असं लिहिलं
आणि खोडलं.
त्याला रकाना नाही.

माझा बाप आमेलांड बेटावर टपाल वाटायचा.
लाल सायकल, आणि वारा समोरून,
जाताना समोरून आणि येतानाही, असं तो म्हणायचा.
एका हिवाळ्यात कुणीतरी तेत्ये म्हातारीच्या नावानं
देशभरच्या दुकानांना कार्डं टाकली, पन्नासेक:
'कृपया आपलं सूचीपत्र पाठवावं.'
कार्ड बोटभर.
उत्तरं वीतभर जाड.
बियाण्यांची, शिलाई यंत्रांची, बोटींच्या इंजिनांची,
थडग्यावरच्या दगडांचं एक, रंगीत चित्रांचं.
दुकानदारांचं काय चुकलं? कुणी विचारलं, त्यांनी दिलं.
करून गेलं कोण, आणि नाव कुणाचं.

बाप रोज ओढत नेई. पाकीट उघडायचा
त्याला हक्क नव्हता. नाकारायचाही नव्हता.
म्हातारीला दार आतून उघडेना झालं,
मग ती मागच्या दारानं, कोंबड्यांमधून ये-जा करू लागली.
मार्चमध्ये भाची आली, ढीग उपसत बसली,
तेव्हा तळाशी एक पातळ निळं पाकीट निघालं.
मुलाचं. जहाजावर होता तो.
'पंधरा फेब्रुवारीला हार्लिंगनला दोन तास थांबतोय.
धक्क्यावर येशील?'

त्या रात्री बाप जेवला नाही, असं आई सांगते.
मला पटत नाही. तो रोज जेवायचा.
पण त्यानंतर जाड पाकीट आलं की
ते पेटीत न टाकता
आधी कडी वाजवायचा आणि विचारायचा,
'हे तुम्ही मागवलं होतं का?'
टपाल खात्यानं दोनदा लेखी ताकीद दिली त्याला, उशीर होतो म्हणून.

झुराब, तुझ्या खोट्या पत्त्यात एक आकडा चुकला,
एकच, तर उत्तरं तुझ्याकडे येणार नाहीत.
ज्यानं काही विचारलंच नाही
अशा कुणाच्या दारात पडतील,
आणि त्याला मागचं दार नसेल.

म्हणून असं कर. दोन यंत्रं घे, मधे एकच तार,
बाहेर जाणारी वाट अजिबात नको.
त्या खोलीत हवं ते नाव घे. राजाचं घे.
माझं घे, वाटलं तर.
तार कशी जोडायची ते खाली लिहिलंय,
अडलास तर फोन कर, मी सहापर्यंत आहे.

सहीच्या जागी आम्ही सगळे 'गैरवापर विभाग' लिहितो.
तेवढं पुरतं. नियमात बसतं.
ते मी पुसलं.
येल्त्शे तेर्पस्ट्रा, लेउवार्डन.
आणि मग पाठव दाबलं.